गाडीला वारा

“बाई, कूलरचं तोंड जरा हिच्याकडं करा,” असे म्हणत तो आपली विजेची मोटारसायकल थेट आमच्या व्हरांड्यात चढवायचा. स्वतः घामाने निथळत असे, पण वाऱ्यापुढे आधी गाडी.

मुलांनो, हा चांदूर रेल्वे गावाजवळच्या खेड्यातला माळी. वांगी, मेथी, कोथिंबीर घेऊन सकाळी अमरावतीला येई आणि आमच्या गल्लीत भाजी संपली की माझ्याकडे गाडी चार्जिंगला लावी. लगेच मात्र नाही. “दमलेल्या बैलाले आल्याआल्या पानी पाजत नाई, बाई. मंग तापल्या बॅटरीले करंट काहून पाजाचा?” मला हसू आले. नंतर गाडीबरोबरची इंग्रजी पुस्तिका वाचली. तिच्यात हेच लिहिले होते, फक्त बैल नव्हता.

ना धूर, ना किक, ना पंपावरची रांग, याचे त्याला फार कौतुक. पण उणिवाही तोच सांगे. भाजीचे पोते लादले की गाडीचा पल्ला निम्म्यावर येतो, आणि गावात वीज गेली की ती गोठ्यात बसून राहते. त्याचा भाऊ चिडवी, “एखाद्या दिवशी ढकलत आणशीन!” हा म्हणे, “ढकलीन! माई गाडी हाये.”

त्याच्या मुलीला शेतीचे शिक्षण घ्यायचे होते. प्रवेशपरीक्षेचे केंद्र अकोल्याला आले. दीड वाजता फाटक बंद.

“एसटीने जा,” मी म्हटले.

“नाई बाई. भाऊ माई फजिती पायाले बसला हाये. हिच्यावरच नेतो.”

मुलगी हळूच म्हणाली, “आजी, परीक्षा माई हाये का गाडीची?”

आदल्या संध्याकाळी दोघे आमच्याकडे मुक्कामाला आले. मी वेळापत्रक लिहून दिले: साडेसातला निघणे, मूर्तिजापूरला माझ्या मैत्रिणीकडे चार्जिंग, साडेअकराच्या आत पुढे.

दहाच्या सुमारास मैत्रिणीचा फोन आला. “अगं, गाडी आत्ता कुठे चार्जिंगला लावली आणि वीजच गेली. तुझा भाजीवाला पुठ्ठ्याने तिला वारा घालतोय!”

मी त्याला फोनवर बोलावले. “बॅटरी किती आहे?”

“निम्मीच्या खाली. येईन लाईन, बाई.”

“आणि नाही आली तर?”

फोनमधून पुठ्ठ्याचा फटफट आवाज येत होता. मग तो थांबला.

“एसटी कवा हाये?” त्याने विचारले.

गाडी तिथल्याच अंगणात सोडून तो मुलीबरोबर बसमध्ये चढला. साडेबाराला ती फाटकाच्या आत होती. भाऊ काय म्हणेल, हा विषय त्या दिवशी त्याने एकदाही काढला नाही.

मुलीला अकोल्यातच प्रवेश मिळाला. वसतिगृह, वर्ग, प्रयोगाची शेते, सारे चार-पाच किलोमीटरच्या आत, आणि वसतिगृहात चार्जिंगची सोयही. “गाडी लांबच्या रस्त्याची नाई, बाई. तिच्या कामाची हाये,” म्हणून त्याने ती मुलीला देऊन टाकली. आता तो चांदूर रेल्वेच्याच बाजारात बसतो. आमच्या गल्लीत भाजी घेऊन दुसरेच कोणी येते, आणि ती मेथी त्याच्या मेथीसारखी नसते.

गेल्या महिन्यात मी अकोल्याला गेले होते. रिक्षातून पाहिले, तर मुलगी गाडी चालवत होती आणि तो मागे, दोन्ही हातांनी तिची सॅक घट्ट धरून बसलेला.

“हळू चालव वं माय!”

ती हसली, आणि मी हाक मारेपर्यंत दोघे वळणापार गेले होते.