पाण्याआधी पाय जागे करायचे

आमचं शेत देऊळघाटच्या शिवारात होतं आणि शेतात पायऱ्यांची विहीर होती. उन्हाळ्यात सगळं शिवार पिवळं पडायचं, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या. पण विहिरीत उतरलं की खाली निराळाच देश. हिरवट उजेड, ओल्या दगडांचा वास, आणि वर उंबराच्या फांदीला लोंबणारे सुगरणीचे रिकामे खोपे. त्यांच्या सावल्या पाण्यावर हलत राहायच्या. त्या वेळी वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपुराहून चाले. मोठ्या माणसांच्या बोलण्यात नागपूर सारखं यायचं. मला ते या विहिरीच्या तळासारखं वाटे. आहे म्हणतात, पण आमच्या घरात कुणी पाहिलेलं नव्हतं.

माझी वहिनी पूर्णेकाठची. लग्न होऊन आली तेव्हा तिला आमच्याकडे सगळ्यात जास्त काय खटकलं असेल, तर गावाला नदी नाही हे. एकदा सुपात धान्य निवडताना ती मला म्हणाली होती, "ताई, आमच्याकडं पोरी चालायच्या आधी पोहतात." मग लगेच सुपात मान घातली. नव्या सुनेनं माहेरचं फार बोलू नये, असा तेव्हा रिवाज होता.

त्या वर्षी संक्रांतीनंतर चिखलीहून येताना ओढ्याच्या उतारावर आमची बैलांची दमणी कलंडली. बाकीच्यांना खरचटण्यावर भागलं, पण वहिनीचा घोटा मोडला. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, लेप दिला. होळीपर्यंत हाड जुळलं. कामट्या सुटल्या, तरी वहिनीचं पाऊल काही नीट टेकेना. भिंत धरून चालायची, आणि कुणी बघतंय असं दिसलं की बसायची. तिची पोटरी वाळून दुसऱ्या पायाच्या निम्मी झाली होती.

आईनं खालाला बोलावलं. खाला म्हणजे गावातल्या पिंजाऱ्याची बायको. बाळंतिणींना आणि तान्ह्या मुलांना तेल लावायची, कुणाची नस आखडली तर चोळून द्यायची. तिनं वहिनीचा पाय मांडीवर घेतला आणि कितीतरी वेळ नुसता धरून बसली.

"हाड तं जुळलं बेटी," ती म्हणाली. "पण पाय अजून भिऊन राह्यला. त्याले भरोसा नाही तुझा."

वहिनी पहिल्यांदा हसली. "मग काय करू, खाला?"

"रोज हलवायचा. थोडा थोडा, दुखायच्या अलीकडं थांबायचं. आणि हे पाण्यात करायचं. पाण्यात माणसाचं वजन उरत नाही."

आई दचकली. "काऊन बाई, सुनेले विहिरीत उतरवतं काय? लोक काय म्हणतीन?"

"लोकायले पहाटे झोप असते," खाला म्हणाली.

आईनं रात्री वडिलांच्या कानावर घातलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी वडील सालदाराला म्हणाले, ऊन चढल्याशिवाय मोट जुंपायची नाही. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि सालदारानं विचारलं नाही.

अशा रीतीनं आमच्या पहाटा सुरू झाल्या. वहिनी माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायची, पुढे खाला, हातात कोमट तिळाच्या तेलाची वाटी पदराखाली झाकलेली. विहिरीवर पोचलं की वहिनी लुगड्याचा काचा मारून कमरेएवढ्या पाण्यातल्या पायरीवर उतरायची आणि काठाचा दगड धरून पाऊल उचलायची, टेकवायची. खाला स्वतः पाण्याला भयंकर घाबरे. वरच्या पायरीच्या खाली ती कधी आली नाही. तिथं पान चघळत बसून ती म्हणायची, "टाच खाली... हाव, तसंच. घाई नको."

मी मात्र पाठीला वाळलेला भोपळा बांधून मधोमध तरंगायची. वहिनी पायरीवरूनच मला शिकवी. पाय कसे मारायचे, श्वास कुठं सोडायचा. कान पाण्याखाली गेले की वरचं जग बंद व्हायचं. आकाशाचा गोल तुकडा तेवढा दिसायचा आणि त्यात फिकट होत जाणारी एखादी चांदणी. आपण पाण्यात आहोत की आभाळात, ते कळेनासं व्हायचं.

चैत्र सरता सरता माझा भोपळा सुटला. एका पहाटे वहिनी आणि खाला पुढे गेल्या होत्या; मी अंथरुणातून उठून सरळ विहिरीवर आले आणि काठावरून उडी घेतली. पाणी थंडगार होतं. मधोमध पोचले आणि उजव्या पोटरीत गोळा आला. पाय दगडासारखा झाला. ओरडायला तोंड उघडलं तर पाणी आत गेलं. मग फक्त हिरवं दिसू लागलं, फार शांत, फार लांबपर्यंत हिरवं. भीतीसुद्धा कुठं तरी मागे राहून गेली.

तेवढ्यात माझी वेणी ओढली गेली.

वहिनीनं काठ सोडला होता. तिनं मला मागून धरून पायरीवर आणलं, माझं पाऊल दोन्ही हातांत घेतलं आणि बोटं जोरानं माझ्याकडं वळवली. पोटरीतला गोळा हळूहळू विरघळला. मी खोकत, रडत होते. वहिनी धापा टाकत होती आणि आपल्या पायाकडं बघत होती.

"ताई," ती हळूच म्हणाली, "मी पोहले."

वरून खाला दोघींना शिव्या देत होती आणि रडतही होती. शिव्या संपल्यावर तिनं मला जवळ घेतलं आणि पोटरीला तेल चोळत म्हणाली, "झोपेतला पाय पाण्यात टाकतं काय? पाण्याआधी पाय जागे करायचे, बेटी. तान्ह्या लेकराले मी तेल काऊन लावतो? त्याचं अंग जागं व्हावं म्हणून."

वहिनीनं मान डोलावली. पूर्णेवर तिचे काका पोरांना उतरू देण्याआधी वाळूत पळायला लावत, ते तिला आठवलं. मग त्या दोघींनी मिळून आमची एक रीतच ठरवली. आधी धावेवरून, म्हणजे मोटेचे बैल ज्या उतारावरून ये-जा करतात तिथून, चालत फेऱ्या. मग पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा खाली सोडायच्या, पोटरी ताणेपर्यंत. खांदे मागून पुढे, पुढून मागे. घोटा हवेत गोल फिरवायचा. हातपाय आणि डोकं ओलं करायचं आणि मगच पाण्यात. बाहेर आल्यावर लगेच बसायचं नाही, अंग कोरडं करून थोडं चालायचं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावातल्या पोरी माहेरी आल्या आणि बातमी कशी कोण जाणे पसरली. पहाटेच्या धूसर उजेडात एकेक जण लुगडं सावरत धावेवरून येताना दिसे. एखादं स्वप्न चालत यावं तशा त्या येत. विहिरीच्या काठावर सगळ्या रांगेनं टाचा खालीवर करू लागल्या की बांगड्यांचा बारीक आवाज दगडांत घुमायचा. खाला वरून हाळी द्यायची, "जाग्या झाल्या काय गं?" आणि सगळ्या एकदम, "हाव!"

मग उड्या, शर्यती. कोण एका दमात विहिरीला वळसा घालते, कोण जास्त वेळ पाण्याखाली राहते. वहिनी आता काठावरून सूर मारायची. पाणी तिच्याभोवती मिटायचं आणि ती पार पलीकडं वर यायची, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर असं काही, जे मी घरात कधी पाहिलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात पुन्हा कुणाच्या पायात गोळा आला नाही, कुणाचा खांदा लचकला नाही. वहिनीचं लंगडणं कोणत्या दिवशी थांबलं, हे मात्र कुणाच्याच लक्षात आलं नाही.

मृगाच्या आदल्या आठवड्यात एका पहाटे आई आमच्या मागोमाग आली. खालाच्या शेजारी जरा वेळ बसली. तिचे गुडघे बरीच वर्षं दुखत होते. मग उठून तिनं काठाचा दगड धरला, आणि आम्ही करायचो तशीच टाच उचलली, खाली सोडली, पुन्हा उचलली. पोरी हसू दाबत होत्या. वहिनी ओलेत्यानं वर आली, खालाच्या वाटीतलं तेल हातावर घेतलं आणि सासूच्या पायाशी बसली.

"दुखायच्या अलीकडं थांबा, आत्याबाई," ती म्हणाली.

आईनं डोळे मिटले. उंबराआडून ऊन विहिरीत उतरत होतं.