मे महिन्यातला झाकलेला कूलर

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, रिंग रोडवर चिरडलेली माणसे स्वतःच्या हातांनी उचलली. त्या सगळ्याविषयी मी चारचौघांत चहा पिता पिता बोलू शकतो. या प्रकरणात कोणाला साधा ओरखडाही आला नव्हता. चोरीला गेले होते ते नळाचे पाणी. तरीही इतकी वर्षे मी हे सांगणे टाळले, कारण त्यात माझी सख्खी बहीण येते.

तेव्हा मी नागपुरात प्रताप नगरच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. ठाण्यापासून जवळच एक गल्ली होती. दोन्ही बाजूंना टुमदार घरे, गेटवर नावाच्या पाट्या आणि नावांमागे पदव्या. माझी धाकटी बहीण लग्न होऊन याच गल्लीत आली होती. गल्लीच्या अगदी टोकाला एका विधवा बाईचे दोन खोल्यांचे घर होते. लोकांचे ब्लाउज शिवून ती पोट भरायची. सगळे तिला मावशी म्हणत.

पाणी दिवसातून एकदा, पहाटे यायचे. मावशीच्या नळाला मात्र उन्हाळा लागला की थेंब येत नसे. देवळाजवळच्या बोरिंगवरून हापसून ती बादल्या आणायची. नागपूरच्या मे महिन्यात भरलेली बादली घेऊन चालणे म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको.

एका उन्हाळ्यात तिने धीर केला आणि महापालिकेच्या झोन कार्यालयातल्या नागरिकांच्या सभेत जाऊन उभी राहिली. सभेला मी बंदोबस्तावर होतो, त्यामुळे पुढचे सगळे डोळ्यांनी पाहिले. लोक आपापल्या वस्तीच्या मागण्या मांडत होते. कोणाला रस्त्यावर दिवा हवा होता, कोणाकडे कचऱ्याची गाडी येत नव्हती, कोणाला बागेला कुंपण पाहिजे होते. मावशीची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "साहेब, मले नवीन काही नको. नळ हाये, पाणी नाही. एकडाव कोणीतरी येऊन पाहून जा जी."

पाणी विभागाचा कनिष्ठ अभियंता उठला. तरुण होता, सरळ बोलणारा. पाणी सोडायच्या व्हॉल्व्हजवळ दाब बरोबर आहे, तेव्हा त्या गल्लीत घरोघर जाऊन नळजोडण्या तपासाव्यात, असा प्रस्ताव त्याने ठेवला. लगेच गल्लीच्या नागरिक समितीचे अध्यक्ष उभे राहिले. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ, बोलणे मुद्देसूद.

"ही सुशिक्षितांची वस्ती आहे," ते म्हणाले. "घरात शिरून तपासणी म्हणजे आमच्यावर संशय. संशय घ्यायचाच तर पाणी सोडणाऱ्यावर घ्या. तो आमचे पाणी टँकरवाल्यांना विकतो. त्याची चौकशी करा, हा आमचा प्रस्ताव."

गल्लीतून आलेल्या सगळ्यांनी हात वर केले. माझ्या बहिणीनेही केला. सभापतींपुढे आता दोन प्रस्ताव होते. पहिल्याने अख्खी गल्ली दुखावणार होती, दुसऱ्याने एक कंत्राटी माणूस. कोणता मंजूर झाला असेल ते वाचकांनी ओळखलेच असेल.

आमच्याकडे पाण्याचा व्हॉल्व्ह उघडणाऱ्याला चावीवाला म्हणतात. लांबलचक लोखंडी चावी सायकलला बांधून तो पहाटे वस्तीवस्तीत फिरतो. हा चावीवाला सभागृहाच्या दारातच उभा होता. बरीच वर्षे कंत्राटावर काढल्यावर त्या वर्षी त्याचे नाव कायम होण्यासाठी गेले होते. सभापतींनी त्याला आत बोलावले आणि म्हणाले, "लोकांची माफी माग, विषय मिटव." त्या माणसाने भरल्या सभेत हात जोडले. "चुकलं असंन त माफ करा जी."

"बघा, कबूल केले," अध्यक्ष म्हणाले.

विषय मिटला तर नाहीच, उलट त्या माफीलाच कबुली धरून झोन कार्यालयाने आमच्या ठाण्यात पाणीचोरीची तक्रार दिली. आरोप सिद्ध झाला असता तर कायम होणे दूरच, त्याची होती ती रोजीही गेली असती.

तक्रार आली त्याच आठवड्यात बहिणीचा फोन आला. "भाऊ, तुझा तो चावीवाला चौकातल्या टपरीवर टँकरवाल्यासंग चहा पिऊन राहिला होता. मी माझ्या डोळ्यानं पाहिलं."

खबर देणाऱ्याचा त्यात काय फायदा आहे ते आधी तपासावे, असे मी नव्या फौजदारांना नेहमी बजावत असे. खबर देणारी सख्खी बहीण असल्यावर मी काय तपासणार होतो? टँकरवाल्याला ठाण्यात आणले. तो आणि चावीवाला काटोलकडच्या एकाच गावचे निघाले, लहानपणी एका शाळेत बसलेले. टँकर भरायचा तो पाण्याच्या टाकीवर, चौकीदारासमोर. तिथे चावीवाल्याचा काही संबंधच येत नव्हता.

मग चावीवाल्याचा जबाब घ्यायला बसलो. खोटे बोलणारा माणूस सहसा गरजेपेक्षा जास्त बोलतो. हा बोलतच नव्हता. चावी किती वेळ उघडी ठेवतोस, एवढे विचारले की खाली बघायचा. लपवतो आहे हे उघड दिसत होते, पण चोरासारखे लपवत नव्हता. मी त्याला चहा मागवला आणि म्हटले, "असाच गप्प बसलास तर नोकरी जाईल बाबा."

"नोकरी जाईन म्हणूनच त सांगून नाही राहिलो, साहेब," तो म्हणाला. मग कपातल्या चहाकडे बघतच बोलत गेला. "मी चावी कमी नाही, जास्त वेळ खुली ठेवून राहिलो. बाजूच्या लाइनीचा वेळ कापतो न् या गल्लीले देतो. मावशीच्या घरी पाणी पोचावं म्हणून. वरच्या साहेबायले समजलं त काढून टाकतीन मले."

"मग येते का पाणी तिच्या घरी?"

"नाही नं जी. तेच त मले समजून नाही राहिलं. येवढं पाणी जाते कुठं?"

मी पेन खाली ठेवले. ज्या माणसावर पाणी विकल्याचा आरोप होता, तो त्या गल्लीला हक्कापेक्षा जास्त पाणी देत होता, आणि शेवटचा नळ तरीही कोरडा होता.

दुपारी मी एकटाच गल्लीत गेलो. ऊन असे की रस्त्यावर कुत्रेही नव्हते. सवयीप्रमाणे बहिणीच्या घरी शिरलो, पोर्चमध्ये ताडपत्रीने झाकलेल्या कूलरवर टोपी ठेवली आणि आतल्या चालू कूलरसमोर बसलो. खसचा ओला वास, गार हवा. बहिणीने आधी पाणी दिले, मग कैरीचे पन्हे. चौकशी कुठवर आली हे तिने दोनदा विचारले. दोन्ही वेळा मी पन्ह्याचा पेला तोंडाला लावला.

निघताना टोपी घ्यायला हात पुढे केला आणि तो तिथेच थांबला.

नागपूरचा माणूस कूलर झाकतो तो दिवाळीच्या सुमारास. धुऊन, पुसून, ताडपत्री बांधून ठेवतो आणि होळी झाली की सोडतो. मे महिन्यात झाकलेला कूलर? मी गल्लीभर नजर फिरवली. समोरच्या पोर्चमध्ये तसाच एक होता. त्याच्या शेजारी तसाच. अध्यक्षांच्या फाटकाआड निळ्या ताडपत्रीतला. जवळपास प्रत्येक दारात एक, भिंतीला लागून, नळाच्या बाजूला. त्या महिन्यात मी कितीदा त्या पोर्चमधून आत-बाहेर केले होते. फक्त टोकाच्या घरापुढे काही नव्हते, कारण मावशीकडे कूलरच नव्हता, ना चालू ना बंद.

मी ताडपत्रीची गाठ सोडायला घेतली.

"भाऊ, तो जुना आहे, बंद पडलेला," बहीण मागून म्हणाली. "राहू दे नं गा."

आत पंखा नव्हता, खस नव्हती. कूलरचा नुसता पत्र्याचा सांगाडा, आणि त्याच्या पोटात नळाच्या लाइनीला थेट जोडलेला टुल्लू पंप. खालची फरशी अजून ओली होती. पंप लाइनीतून पाणी ओढून वरच्या टाकीत चढवायचा. आवाजाची भीती नव्हती. घरोघरी रात्रभर कूलर घरघरत असताना पहाटेची आणखी एक घरघर कोणाला ऐकू येणार?

"सगळ्यायनं लावला," बहीण म्हणाली. तिच्या आवाजात आधी राग होता. "आपण नाही लावला त आपलं पाणी त्यायच्या टाकीत जाते. मग आपणच काहून कोरडं राहायचं?"

"आणि चावीवाला?"

तिने सुटलेली ताडपत्री पुन्हा पंपावर ओढली.

"मावशी रोज याच दारावरून बादल्या नेते ना?"

ती पायरीवर बसली. पदराचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "नेते. ती दिसली की मी आत निघून जाते."

मी तिला रागावू शकलो नाही. कोणत्या तोंडाने रागावणार? नुकतेच मी तिथले पाणी पिऊन उठलो होतो. जी गार हवा खात मी पाणी जाते कुठे याचा विचार करत होतो, ती मावशीच्याच पाण्याची होती. इतकी लाज मला नोकरीत कधी वाटली नव्हती. टोपी डोक्यावर न घालता, हातात धरूनच मी गल्लीतून बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे कनिष्ठ अभियंता, दोन पंच आणि माझे शिपाई घेऊन गल्लीत पोचलो. पंचनामा बहिणीच्या घरापासून सुरू केला. मेहुण्यांनी निमूटपणे सही केली. मग एकेक ताडपत्री सुटत गेली आणि एकेक पंप बाहेर आला. कोणी वाद घातला नाही. अध्यक्षांना स्वतःच्या हाताने बांधलेली गाठ सुटेना, शिपायाने सोडून दिली. "माझे नाव सर्वांत वर लिहू नका," ते हळूच म्हणाले. मी म्हटले, "सर्वांत वर माझ्या बहिणीचे आहे."

सगळे पंप निघाल्यावर चावीवाल्याने कोपऱ्यावर चावी फिरवली. गल्लीतले लोक आपापल्या फाटकात उभे होते. थोड्या वेळाने टोकाच्या घरातून बादलीत धाडधाड पाणी पडल्याचा आवाज आला, आणि मावशी बाहेर धावत आली. पंपांचे तिला काही माहीत नव्हते. नळाला पाणी आले, ते फक्त आपल्याकडेच आले असेल, आणि कधीही जाईल, एवढेच तिच्या मनात होते. रस्त्याच्या मध्ये उभी राहून ती ओरडायला लागली, "वं बायांनो, पाणी आलं वं! या लवकर, भरून घ्या, नाही त जाईन परत!"

एकही बाई हलली नाही. मावशीला वाटले कोणाला ऐकू गेले नाही. ती माझ्या बहिणीजवळ आली आणि तिचा हात धरून ओढायला लागली. "चाल नं वं. तुह्याघरी लहान लेकरू हाये. आधी तू भर."

माझ्या बहिणीला उभ्या जागी रडू कोसळले. मावशीला काही समजेना. ती एकदा माझ्याकडे, एकदा जमिनीवर मांडलेल्या पंपांकडे पाहत राहिली. मग तिने हळूच हात सोडला आणि नळ वाहतो आहे म्हणून घरात निघून गेली. मी पंचनाम्याच्या कागदात डोके घातले. वाचत काहीच नव्हतो.

चावीवाल्यावरची तक्रार खोटी असल्याचा अहवाल मी पाठवला. त्याने वेळ वाढवून दिल्याचेही लिहावे लागले, ते खरे होते. पुढच्या सभेत अभियंत्याने उठून सांगितले की टोकाच्या घरासाठी असा वेळ द्यावाच लागतो आणि त्याला त्याची स्वतःची, अभियंत्याची, संमती होती. त्या पोराने हे स्वतःच्या अंगावर घेतले नसते तर चावीवाल्याचे काही खरे नव्हते. चावीवाला पुढे कायम झाला. मात्र आरोप करायला जी गल्ली भरून आली होती, तिच्यातला एकही माणूस त्या सभेला नव्हता. सभापती "विषय निकाली" म्हणाले आणि पुढच्या वस्तीच्या दिव्यांकडे वळले. चावीवाला बराच वेळ दारात उभा होता. ज्या खोलीत त्याला हात जोडायला लावले, तिथे कोणीतरी दोन शब्द बोलेल असे त्याला वाटले असावे. मी बोललो, पण बाहेर, सायकलपाशी. तो म्हणाला, "राहू द्या जी, साहेब."

कोठडीतल्या चोराकडे कसे पाहायचे हे मला नोकरीने शिकवले. एका सुरात हात वर करणाऱ्या सभ्य माणसांकडे कसे पाहायचे, ते या प्रकरणाने शिकवले. त्यानंतर कोणत्याही वस्तीने एकमताने एखाद्याचे नाव घेतले की मी आधी नाव घेणाऱ्यांच्या अंगणात जाऊन येत असे. मात्र लाज कशी पुसायची, ते मला कोणी शिकवले नाही.

मावशी आता बोरिंगवर जात नाही. तिच्या नळाला भरपूर पाणी येते. गल्लीतल्या बायांचे ब्लाउज अजूनही तीच शिवते, आणि ते द्यायला दारात येते. माझी बहीण ती दिसली की अजूनही आत निघून जाते. मी तिथे असलो की बाहेर जाऊन ब्लाउज मी घेतो.