माहेरच्या गाईच्या गोचिडी

गाईचा कान उलटा करून आत डोकवायचं, मानेखालची लोंबती पोळी उचलून बघायची, शेपटाच्या मुळाशी बोटं फिरवायची आणि कंबर धरून उठताना म्हणायचं, "काही कळत नाही बुवा. लिहा, कंपौंडर."

आमच्या गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचं हे नेहमीचं होतं. सुरुवातीला मला, त्यांच्या कंपौंडरला, त्यांची कीवच यायची. आपल्याला काही कळत नाही असं उघड सांगणारा डॉक्टर तुम्ही तरी पाहिलाय का?

सोलापुरात मार्शल लॉ उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. गावात गिरण्यांच्या आणि चळवळीच्या गप्पा चालायच्या. डॉक्टरांच्या डोक्यात मात्र गोचिडी. काडेपेटीत भरून त्या खिशात घेऊन हिंडायचे. एकदा घरी चूल पेटवायला त्यांच्या बायकोने नेमकी तीच पेटी उघडली. त्यानंतर बरेच दिवस त्यांचा चहा दवाखान्यातच होत असे.

अक्कलकोटच्या रस्त्याला गौरव्वा नावाच्या बाईची वस्ती होती. तिच्या गोठ्यात दोन गाई, एक पांढरी आणि एक तांबडी; तांबडीला एक कालवड. गोठा एक, वैरण एक, चरायचं रान एक. पण पांढरीच्या अंगावर गोचिडी मोजता मोजता मी थकायचो आणि तांबडीवर जेमतेम चार-पाच. दर बुधवारी दुपारी आम्ही मोजत होतो. असे दोन पावसाळे गेले.

"हिच्या कातड्यातच काहीतरी आहे," डॉक्टर म्हणायचे. "हिची पैदास वाढवली तर गोचिडींनी खंगून मरणारी किती गुरं वाचतील!" उभा जन्म फऱ्या-घटसर्पाच्या सुया टोचण्यात गेला होता. एकदा तरी आपण काही शोधून काढावं, एवढीच त्यांची इच्छा. अहवाल मीच सुवाच्य अक्षरात उतरवला. तो वर पाठवला त्या दिवशी त्यांनी मला पेढे दिले.

पुढच्या बुधवारी दवाखान्याची तपासणी होती, म्हणून आम्ही वस्तीवर सकाळीच पोचलो. गौरव्वा तांबडीपाशी उकिडवी बसली होती. शेजारी राकेलची वाटी. गाईच्या पोटाखालून एकेक गोचीड काढून ती वाटीत टाकत होती.

"हे काय करताय?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोजच काडते की. ही माजी माहेरची हाय. आप्पानं दिल्याली. तुमी मोजाया येनार अन् हिच्या अंगावर गोचिडी निगाल्या, तर आप्पाचं नाव जातंय."

"आणि पांढरी?"

"ती सासूबाईची. त्यांची त्या बगतील."

मला हसू आवरेना. डॉक्टर गव्हाणीच्या काठावर बसले. वाटीत डोकावून त्यांनी विचारलं, "रोज किती निघतात?"

"लई न्हाय. कवा चार, कवा आट."

"एवढ्याच?" डॉक्टर पुटपुटले, "काही कळत नाही."

दवाखान्यात आल्याबरोबर त्यांनी अहवाल मागे घेत असल्याचं पत्र मला लिहायला सांगितलं. "साहेब, कुणाला कळणार आहे?" मी म्हणालो. "मला कळलंय ना," ते म्हणाले. मला त्यांचा रागच आला.

त्यांनी गौरव्वाकडून वचन घेतलं, एक महिना तांबडीला हात लावायचा नाही. पण मधेच त्यांची धारवाडला बदली झाली. वही माझ्या हातात देऊन म्हणाले, "महिना भरला की मोजा. कार्ड टाका."

मी मोजलं. महिनाभर हात न लावलेल्या तांबडीवर फक्त नऊ. पुन्हा मोजलं, नऊच. मग पांढरीकडे वळलो, तर तीही साफ!

"तांबडीला बोट लावलं न्हाय, आप्पाची आन," गौरव्वा म्हणाली. "पन सकाळी हात गप बसतोय व्हय? म्हनून पांढरीच्या काडल्या. तिला लावू नगा असं कुटं म्हनला हुता?"

आता काय लिहावं? जसं झालं तसं कळवलं. आठ दिवसांत उलट कार्ड आलं. "पांढरीचं काही कळत नाही. पण तांबडीवर नऊच कशा? तिची कालवड सांभाळा, तिला कुणी हात लावू नका. पावसाळ्यात रजा काढून येतो. पुन्हा पहिल्यापासून मोजू." अक्षर आनंदाने वाकडंतिकडं झालं होतं.

मी लगोलग जायला हवं होतं. कामाच्या गडबडीत पंधरा दिवस लावले. गेलो तर खुंटा रिकामा. गौरव्वाने कालवड जेऊरला लेकीच्या सासरी पाठवली होती.

"काळजी नगा करू," ती अभिमानाने म्हणाली. "पोरगी रोज सकाळी तिचं अंग निवडतीया. एक गोचीड ठिवत न्हाय. माहेरची हाय की!"

त्या संध्याकाळी मी डॉक्टरांना लिहिलं, "कालवड खुंट्याला आहे. कुणी हात लावत नाही. वाट पाहतो."

पावसाळ्याच्या तोंडावर धारवाडला तापाने ते गेले. स्वतःचा अहवाल स्वतः मागे घेणाऱ्या माणसाला मी शेवटचं कार्ड खोटं लिहिलं. बरं केलं की वाईट, काही कळत नाही.