केतकीचं ट्रेनिंग

बटण दाबलं आणि कॉम्प्युटरने केतकीला नापास केलं.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. असा निकाल आला की आधी आपलंच टायपिंग तपासायचं, हा या कामाचा पहिला नियम. नाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर, सगळं अक्षर अक्षर ताडून पाहिलं. चूक नव्हती. आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

ईरा आणि कबीर, तुम्ही पुण्याहून फोनवर दर वेळी विचारता, "आजी, तू ऑफिसात नक्की काय करायचीस?" 'एचआर' म्हटलं की तुमचं समाधान होत नाही. म्हणून हा एकच प्रसंग नीट लिहून काढते. म्हणजे कामही कळेल आणि आजीही.

इथे अमेरिकेत, टॅम्पाजवळ फ्रोझन पोळ्या, पराठे आणि समोसे करणाऱ्या फॅक्टरीत मी होते. माणसं नेमायची, त्यांचे कागद पाहायचे, पगार काढायचे, रजा मोजायच्या, भांडणं मिटवायची. मालकाचं नाव शिरीष. तो माझ्याहून बराच लहान, म्हणून मला काकू म्हणायचा आणि मी त्याला अरे-तुरे करायचे. पगार मात्र तो द्यायचा.

त्या सुमारास आमच्या राज्याने नवा कायदा केला होता. पंचवीस किंवा त्याहून जास्त माणसं कामावर असतील, तर नवीन माणूस घेतल्यावर त्याला या देशात काम करायची परवानगी आहे का, हे मालकाने केंद्र सरकारच्या ई-व्हेरिफाय नावाच्या वेबसाइटवर तपासायचं. हे वारंवार टाळलं तर मालकाला दंड, आणि वर धंद्याचं लायसन्सही अडकू शकतं. शिरीषने हे वाचलं आणि समोशांवरचं त्याचं लक्ष उडालं. दिवसातून दोनदा माझ्या दारात येऊन विचारायचा, "काकू, आपण सेफ आहोत ना?"

"मी आहे तोवर आहोत," मी म्हणायचे.

यातलं 'मी आहे तोवर' त्याने जरा जास्तच मनावर घेतलं असावं. कारण एक दिवस तो म्हणाला, "काकू, तुम्ही तरी किती दिवस एवढं ड्राइव्ह करून येणार? मी एक मुलगी बघितली आहे. तुम्ही तिला तयार करा, मग आरामात रिटायर व्हा."

ती मुलगी म्हणजे केतकी बर्वे. मुलगी कसली, चाळिशीला आलेली, दोन मुलांची आई. मुलं लहान असताना घरी होती आणि घरी बसून एचआरचं सर्टिफिकेट मिळवलं होतं. मंडळाच्या गणपतीत जेवणाची रांग तिने अशी हलवली की शिरीष बघतच राहिला. त्या रांगेत मीही होते. मला तर वरणात मीठ कमी वाटलं होतं.

ती सोमवारी आली. मंगळवारी तिच्या टेबलावर झाड आलं. लाइनवर समोसे भरणाऱ्या बऱ्याच बायका क्युबा आणि मेक्सिकोकडच्या. केतकी त्यांच्याशी स्पॅनिशमध्ये बोलायची आणि त्या खळखळून हसायच्या. माझ्याशी त्या बारा वर्षं नीट वागत होत्या. हसत नव्हत्या.

आणखी एक गोष्ट होती. दुपारी तीनला केतकीच्या सासूबाईंचा फोन यायचा, मुलं शाळेतून घरी पोचल्याचं सांगायला. फोन स्पीकरवर असायचा. मागे मुलांचा दंगा, आणि सासूबाई ओरडायच्या, "अरे, आधी हात धुवा!" रोज. माझ्या नातवंडांना मला 'हात धुवा' म्हणायला मिळत नाही. तुमचे हात मी फक्त स्क्रीनवर बघते. त्या फोनच्या वेळी मी मुद्दाम प्रिंटर चालू करायचे.

पहिल्या दोन दिवसांत मी केतकीला फाइलची कपाटं दाखवली. तिसऱ्या दिवशी कॉफी मशीन दाखवायचा बेत होता. पगाराचं सॉफ्टवेअर नाताळाच्या आसपास, असं मनात होतं.

पण कामाला लागल्यापासून तीन दिवसांत ई-व्हेरिफाय करावंच लागतं. त्याआधी आय-नाइन नावाचा फॉर्म भरायचा. त्यात माणूस स्वतःची माहिती लिहितो आणि ओळखीचे, परवान्याचे कागद दाखवतो. कुठले कागद दाखवायचे ते त्यानेच ठरवायचं. मालकाने 'तुझं ग्रीन कार्डच आण' म्हटलं तर तोही गुन्हा. केतकीने आपणहून ग्रीन कार्ड दाखवलं. मी ती माहिती वेबसाइटवर भरली, बटण दाबलं, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

निकालाला म्हणायचं मिसमॅच. म्हणजे आपण दिलेली माहिती सोशल सिक्युरिटीच्या रेकॉर्डशी जुळत नाही. सोशल सिक्युरिटी नंबर म्हणजे इथला आयुष्यभराचा नोकरीचा नंबर. मिसमॅच म्हणजे माणूस बेकायदेशीर आहे असं नव्हे. कुठेतरी काहीतरी जुळत नाही, एवढंच.

हे शिरीषला कळायला वेळ लागला.

"म्हणजे ती इल्लीगल आहे?"

"नाही."

"मग मशीन का नाही म्हणतंय?"

"मशीन 'नाही' म्हणत नाहीये. 'थांबा' म्हणतंय."

"काकू, माझं लायसन्स जाईल हो! तिला आजच घरी पाठवा. सॉर्ट आउट झालं की बघू." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तसंही तुम्हीच म्हणाला होतात ना, हे काम तिला झेपणार नाही म्हणून?"

म्हणाले होते. चहा पिता पिता, सोमवारी.

मुलांनो, इथे क्षणभर थांबा. मला काहीही वाईट करायची गरज नव्हती. फक्त 'बरं' म्हणायचं होतं. केतकी घरी गेली असती, शिरीष घाबरलेलाच राहिला असता, आणि माझी खुर्ची आणखी दोन-तीन वर्षं माझी राहिली असती. मालकाचा हुकूम होता. कुणी मला बोल लावला नसता.

"घरी पाठवता येणार नाही," मी म्हटलं.

"का?"

"नियम आहे. मिसमॅच आला की तिला बाजूला बोलावून सांगायचं. दाद मागायची की नाही ते तिने ठरवायचं. मागायची म्हणाली तर सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात जायला तिला आठ सरकारी कामाचे दिवस मिळतात. निकाल लागेपर्यंत तिला काढायचं नाही, घरी बसवायचं नाही, पगार कापायचा नाही. यातलं काही केलंस तर राज्य सरकार राहील बाजूला, केंद्र सरकार तुला धरेल."

"म्हणजे ठेवली तरी दंड आणि काढली तरी दंड?"

"नियमाने ठेवली तर दंड नाही. घाबरून काढलीस तर आहे."

तो कपाळ चोळत म्हणाला, "कुठे लिहिलंय हे?"

मी प्रिंट त्याच्यापुढे ठेवली आणि स्वतःही एकदा वाचली. काय काय करायचं नाही त्याच्या यादीत तीन शब्द होते, ते मी शिरीषला सांगताना गाळले होते. ट्रेनिंग लांबवायचं नाही.

ते बहुतेक माझ्यासाठीच लिहिलं होतं.

केतकीला मी केबिनमध्ये बोलावलं आणि काचेवरचे पडदे ओढले. हे खासगीतच सांगायचं असतं. पण आमच्याकडे पडदे ओढले की माणूस जातो, हे लाइनवर सगळ्यांना माहीत. बाहेर बोलणं थांबलं.

मी तिला नोटीस वाचून दाखवली. तिचा चेहरा उतरला. मग तिने माझ्याकडे सरळ बघितलं.

"काकू, एक विचारू? राग मानू नका. टाइप करताना काही..."

"चुकलं का?"

"मुद्दाम," ती म्हणाली.

मला राग आला नाही. तिला हे सुचावं इतपत मी तशी दिसत होते तर. मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. "तूच तपास. अक्षर अक्षर."

तिने तपासलं. सगळं बरोबर होतं. ती खालच्या आवाजात "सॉरी" म्हणाली आणि डोळे पुसू लागली. "समीरचा जॉब दोन महिन्यांपूर्वी गेलाय, काकू. घराचा हप्ता आता माझ्यावर आहे. मंडळात कुणाला सांगू नका, प्लीज."

हे मला माहीत नव्हतं. मी टिश्यूचा बॉक्स पुढे केला आणि कामाला लागले, कारण मला दुसरं काही येत नाही.

"सोशल सिक्युरिटी नंबर कधी घेतलास?"

"मास्टर्सला आले तेव्हा. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जॉब होता."

"म्हणजे लग्नाआधी. माहेरचं आडनाव?"

"गोखले. ते लिहिलंय मी फॉर्मवर."

खरंच लिहिलं होतं. फॉर्मवर 'आधीची इतर आडनावं' असा रकानाच आहे. मी त्या रकान्याकडे बघत बसले. आडनावं. फक्त आडनावं. हा फॉर्म करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जगभरच्या बायका असतील, पण ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने त्यात अंगठीने जिचं नवं नाव लिहिलं, अशी बायको त्यांनी पाहिली नव्हती.

"केतकी," मी म्हटलं, "हे तुझं माहेरचं नाव आहे की सासरचं?"

तिने हातातला टिश्यू खाली ठेवला.

"सासरचं. मी वृषाली होते. वृषाली गोखले."

"सोशल सिक्युरिटीत कळवलंस?"

"पासपोर्टवर बदललं, ग्रीन कार्ड नव्या नावाने आलं. तिथे..." तिने कपाळाला हात लावला. "लग्नानंतर नोकरीच केली नाही ना. राहूनच गेलं."

कोडं सुटलं. सरकारच्या एका खात्यात वृषाली गोखले काम करत होती, दुसऱ्यात केतकी बर्वे राहत होती, आणि दोघींची ओळख कुणी करून दिली नव्हती.

"दाद मागायची?" मी रीतसर विचारलं.

"अर्थात!"

"मग इथे सही कर. नाव बदलल्याचे भारतातले मूळ कागद शोध. आणि डोळे धुऊन ये. पगाराचं सॉफ्टवेअर शिकवायचंय."

"आत्ता?"

"आत्ता. नियम आहे."

दुसऱ्या दिवशी तिच्या सासूबाई स्वतः ऑफिसात आल्या, पर्स पोटाशी धरून. मूळ कागद त्यांच्याकडेच होते. केतकीला तिथूनच सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात घेऊन जाणार होत्या. पांढरेशुभ्र केस, पायांत स्निकर्स, आणि मुलांना स्वतः गाडीने शाळेत सोडून आलेल्या. मला त्या बघताक्षणी आवडल्या नाहीत.

"नाव मीच बदलायला लावलं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या नणंदेचं नाव वृषाली. एका घरात दोन वृषाली कशा चालणार? हाक मारली की दोघी यायच्या."

"आणि नणंद कुठे असते?" मी विचारलं.

"ती? मी सासरी येण्याआधीच लग्न करून इंदूरला गेली. आमच्या घरात राहिलीच नाही कधी."

केतकीने माझ्याकडे बघितलं, मी केतकीकडे. त्या आठवड्यात पहिल्यांदाच आम्ही दोघी एकदम हसलो.

सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात एकदा जाऊन भागलं नाही. रेकॉर्ड बदलल्याचं वेबसाइटवर दिसेपर्यंत शिरीष दर तासाला माझ्या दारात उभा. "आलं का काही?" मी एकदा म्हटलं, "अरे, समोसे तळले का ते बघ जरा."

"आपण फ्रोझन विकतो, काकू. तळत नाही."

"मग ते गोठले का ते बघ."

त्या दिवसांत मी केतकीला सगळं शिकवलं. पगार, ओव्हरटाइम, विमा, रजेचे नियम. कुठल्या सुपरवायझरला फोन करायचा आणि कुणाला कधीच करायचा नाही. पण त्याचं श्रेय माझं एकटीचं नव्हतं. त्या तीन शब्दांची प्रिंट ड्रॉवरमध्ये होती, आणि संध्याकाळी पर्स उचलली की मला ती आठवायची. मग मी पर्स खाली ठेवून आणखी एक गोष्ट दाखवायचे. बारा वर्षांत जे साठवलं ते तिने एका आठवड्यात उचललं. रजेचा हिशोब तर माझ्यापेक्षा सोप्या पद्धतीने करून दाखवला. मी म्हटलं, "असंही होतं." यापेक्षा जास्त कौतुक मला जमलं नाही.

मग एका सकाळी स्क्रीनवर निकाल आला. काम करायची परवानगी आहे. शिरीषने बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं, "मी म्हटलंच होतं, पॅनिक करायचं नाही."

केतकी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली. "काकू, तुम्ही मला वाचवलंत."

"मी नियम वाचला," मी म्हटलं. ते खरं होतं.

दोन महिन्यांनी मी रिटायर झाले. निरोपाला समोसे होते, या वेळी तळलेले. माझ्या खुर्चीवर केतकी बसली. तिला ती शोभली, आणि मला ते बघवलं नाही म्हणून मी पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले. जाताना मी केबिनच्या दारावरची नवी पाटी वाचली होती. तिने स्वतः करून घेतली होती. वृषाली केतकी बर्वे. सासूबाई निरोपाला आल्या होत्या. पाटी बघून म्हणाल्या, "असू दे. ऑफिसात दोन चालतील."

त्यांचा तीन वाजताचा फोन अजूनही ऑफिसात येत असेल. मला अजून त्याचा हेवा वाटतो. तो जाण्याइतकी मी काही सुधारलेली नाही.

तर मुलांनो, एचआर म्हणजे काय? आपल्याला न आवडणाऱ्या माणसालाही आवडत्या माणसाइतकंच वागवण्याचं काम. त्यासाठी मन मोठं लागतं असं पुष्कळ जण सांगतील. माझं नव्हतं. मन मोठं व्हायची वाट बघायची नाही. नियम आधी वाचायचा, आणि पूर्ण वाचायचा, त्यातले आपल्याला अडचणीचे तीन शब्द धरून.

आणि हात धुवा.