उस्तादांचं ‘खाली’
नल्लकुंट्यात मला खोली देणाऱ्या मावशी नसत्या, तर ती दरी मी पाहिलीच नसती. नव्या ताडपत्रीचा वास आला की अजून कुकटपल्लीचं गॅरेज आठवतं. शाळा अर्धवट सोडून गावाहून या शहरात कामाला आलेलो मी, इथली हिंदी बोली कच्ची. नव्यानं आलेल्या केबलवर वाळवंटातल्या जीपा बघून आमच्या मालकांनी रायलसीमेतल्या कोरड्या, लाल दरीत जीप नेऊन तंबू ठोकायचं ठरवलं होतं. बॉनेटवर नकाशा पसरला होता. दरीवर बोट ठेवून मला काम शिकवणारे मेकॅनिक, आमचे उस्ताद, मालकांना म्हणाले, “इसकू खालीच लेके जारूं मैं,” आणि दोघं माझ्याकडे बघून हसले. शेजारी तंबूची नवी ताडपत्री आणि जाड दोर पडलेला. मला दरीत खाली नेऊन हे करणार तरी काय? गावी पळायला मी पिशवी भरायला लागलो, तेव्हा कारण ऐकून मावशी पोट धरून हसल्या. “अरे खुळ्या, इथं खाली म्हणजे उगीच, सहज! कामाला नाही, फिरायला नेतोय तो तुला.” दरीकाठी पोचल्यावर मी सवयीनं खुंटे ठोकायला उठलो, तर उस्ताद ओरडले, “खाली बैठ रे!” या वेळी बरोबर कळलं, चहा घेऊन खडकावर नुसता बसून राहिलो. आता माझी स्वतःची जीप आहे. मावशी थकल्यात, पण एकदा त्यांना पुढच्या सीटवर बसवून ती दरी दाखवणार आहे. काही काम नाही, खाली.