पावणेएकची अंघोळ

गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळून चार वर्षे झाली होती. त्या वर्षी आमची बटालियन काश्मीर खोऱ्यात होती. मी हवालदार, एका पोस्टचा कमांडर. हाताखाली अकरा जवान. काम एका घराचे. त्या घरात एक फुटीरतावादी नेते नजरकैदेत होते. घराच्या आतला पहारा पोलिसांचा, बाहेरचा आमचा.

नेत्यांचे वय त्रेसष्ट. आधी शाळामास्तर, मग एकदा आमदार, मग राजीनामा. त्यानंतर निरनिराळ्या तुरुंगांत मिळून नऊ वर्षे. आता त्यांनी आठवडाभराच्या बंदची हाक दिली होती. म्हणून ते घरात अडकले आणि आमच्या रजा रद्द झाल्या.

सकाळी सात आणि संध्याकाळी सात वाजता मी त्यांना डोळ्यांनी पाहून वायरलेसवर कळवायचे, असा हुकूम होता. "मास्टर प्रेझेंट. ओव्हर." मास्टर हे त्यांचे वायरलेसवरचे नाव. बोलायची गरज नव्हती, पण ते बोलत. मी गोव्याचा, पेडणे तालुक्यातल्या पार्शाचा, हे कळल्यावर त्यांनी उर्दूत विचारले, "महाराष्ट्रात जायचे की नाही, यावर तुमच्याकडे मतदान झाले होते ना?"

"झाले होते. वडिलांनी मत दिले होते."

"कोणत्या बाजूला?"

"विलीनीकरणाच्या. ती हरली."

"मग काय केले त्यांनी?"

"दुसऱ्या दिवशी काजूच्या बागेत गेले."

"तुम्हाला निदान विचारले तरी," एवढेच ते म्हणाले.

रजा रद्द झालेल्यांत लान्स नायक शंकर गावकर होता. डिचोली तालुक्यातल्या शिरगावचा, वय सव्वीस. शिरगावच्या देवी लईराईचा तो धोंड. धोंड म्हणजे जत्रेआधी काही दिवस व्रत पाळून जत्रेत निखाऱ्यांतून चालणारा भक्त. यंदा जाता येणार नव्हते, पण व्रत सोडायला तो तयार नव्हता. स्वतःचा भात स्वतः शिजवायचा आणि जेवणाआधी वाहत्या पाण्यात अंघोळ करायची. पोस्टपासून साठ पावलांवर ओढा होता.

चारचौघांत तो मला साहेब म्हणे, दोघेच असलो की दादा.

"दादा, बालदीतल्या पाण्यान चलाचां नाय. व्हाळच होयो."

"बर्फाचा पाणी तां. कुडकुडून मरशीत."

"आगीतसून चलणारो मनीस पाण्याक भियात काय?"

मला हसू आले आणि मी परवानगी दिली. पोस्टवरच्या मशीनगनच्या नजरेत राहायचे, दहा मिनिटांत परत. ही परवानगी देण्याचा मला अधिकार नव्हता. दुसऱ्या कोणी मागितली असती तर मी दिली नसती. शिरगावची जत्रा मी लहानपणापासून पाहिली होती.

पहिले दोन दिवस तो पावणेएकला गेला आणि बारा पंचावन्नला परत आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला नेते खिडकीशी उभे होते.

"हवालदार, तुमचा एक जवान रोज पावणेएकला ओढ्यावर जातो. रोज एकाच वेळी. त्याला थांबवा."

"तुम्हाला काय माहीत आहे?"

"मला ही खिडकी आहे. जे मला दिसते ते इतरांनाही दिसत असेल."

हे कंपनी कमांडरना कळवणे माझे काम होते. कळवले असते तर पहिला प्रश्न आला असता, जवान ओढ्यावर कुणाच्या परवानगीने जातो? शिवाय नजरकैदेतल्या माणसाच्या सांगण्यावरून पोस्टचा कार्यक्रम बदलायचा, हे मला पटले नाही. मी कळवले नाही. शंकरलाही काही सांगितले नाही.

तिसरा दिवस नीट गेला. चौथ्या दिवशी बारा अठ्ठेचाळीसला पलीकडच्या झाडीतून तीन गोळ्या सुटल्या. आमच्या मशीनगनने उत्तर दिले. मी आणि आणखी एक जवान सरपटत ओढ्यापर्यंत गेलो. शंकर पाण्यात पालथा पडला होता.

"एक कॅज्युअल्टी. ॲम्ब्युलन्स पाठवा. ओव्हर."

"रॉजर. वीस मिनिटे. ओव्हर."

ॲम्ब्युलन्स सतरा मिनिटांत आली. तो त्याआधीच गेला होता.

त्या संध्याकाळी नेते दारातच उभे होते. "नाव काय होते त्याचे?" त्यांनी विचारले. मी सांगितले नाही. "मास्टर प्रेझेंट," एवढे कळवले आणि परत आलो.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी परवानगी माझी होती हे कबूल केले. इशारा मिळाला होता का, हे कोणी विचारले नाही. मीही सांगितले नाही. मला कडक ताकीद मिळाली आणि बढती दोन वर्षे मागे गेली.

निवृत्त होऊन पार्शाला आल्यावर पहिल्याच महिन्यात मी शिरगावला गेलो. शंकरचे आईवडील राहिले नव्हते. थोरला भाऊ खाणीवर ट्रक चालवत असे. त्याला मी सगळे सांगितले. परवानगी सांगितली, इशाराही सांगितला. त्याने मला बोल लावला नाही.

"न्हालो हुतो मां तो?" त्याने विचारले.

मी हो म्हणालो.

"तर मगे व्रत मोडूक नाय," तो म्हणाला, आणि चहा ठेवायला आत गेला.

नोकरीतले माझे सगळे रिपोर्ट डोळ्यांनी पाहून दिलेले असत. भावाला दिलेला हा एक तसा नव्हता. शंकरचे केस ओले होते, पण तो पाण्यातच पडला होता. आधी त्याची अंघोळ झाली होती की नाही, हे मला माहीत नाही.