गुंतवळ

टायफॉइडनंतर बायकोचे केस असे गळू लागले, की आमच्या उशीला अंबाडा घालता आला असता. मग तिने खोबरेलात जास्वंद आणि माका कढवला. त्या वासाने समोरच्या टकल्या नानांनाही पालवी फुटली म्हणे!

पण आज तेल मुरवून ती फणी घेऊन बसली आणि माझी बडबड आटली. माणसाची सगळी भीती फणीच्या दातांत मावते, हे मला तेव्हा कळलं.

डोळे मिटून तिने फणी पुढे केली. "बघा हो, किती आले?"

मी केस बोटाला गुंडाळू लागलो. वेढा पुरा होईना.

"गुंतवळावर थुंकून टाका. रीत आहे."

"थुंकायला गुंतवळ तर हवं!"

तिने एक डोळा उघडला. मग दुसरा. आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलेला आरसा तिने सरळ केला.